शृंगारिक नृत्याच्या एआय क्लिप : प्रॉम्प्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडोदऱ्यातले नृत्यवर्ग, दांडिया बाजार-रावपुऱ्याकडची गणेशोत्सव मंडळं आणि लावणीचे कार्यक्रम बसवणारे लोक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. प्रॉम्प्ट म्हणजे क्लिप बनवणाऱ्या एआय प्रणालीला, म्हणजे मॉडेलला, लिहून दिलेली सूचना. इथे विषय प्रौढांच्या शृंगारिक नाचाचा आहे: ठाय म्हणजे संथ लयीतला, लडिवाळ, डोळ्यांनी बोलणारा. नग्नता किंवा उघड लैंगिक दृश्यं यात येत नाहीत. नमुन्याचे प्रॉम्प्ट मराठीत दिले आहेत. ते कोणत्या भाषेत टाकायचे ते प्रश्न ४ मध्ये आहे.

१. प्रॉम्प्टमध्ये "सेन्शुअल डान्स" लिहिलं तरी क्लिप शृंगारिक वाटत नाही. काय चुकतं?

विशेषणातून मॉडेलला हालचाल कळत नाही. "मादक", "मोहक", "सेन्शुअल" हे पाहणाऱ्याच्या मनातले शब्द आहेत. मॉडेलला कॅमेऱ्यात दिसेल असं काहीतरी सांगावं लागतं. नुसतं विशेषण दिलं की ते सगळ्यात सरधोपट नमुना उचलतं: ओठ विलग, केस वाऱ्यावर, कंबर एकसारखी डावी-उजवी.

शृंगार उभा राहतो तो बारीक गोष्टींतून. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर किती सावकाश जातं? नजर हाताच्या आधी पोचते की मागून येते? श्वासाबरोबर खांदे किती उचलतात? हालचाल संपल्यावर ती व्यक्ती किती वेळ थांबते? कथकात यासाठी कसक-मसक हा नेमका शब्द आहे. मनगटाची बारीक लचक म्हणजे कसक, आणि श्वासाबरोबर धडाचं किंचित हलणं म्हणजे मसक. प्रॉम्प्टमध्ये "मसक" लिहून मॉडेलला काही कळणार नाही, पण तिचं वर्णन कळतं: "ती सावकाश श्वास घेते, खांदे किंचित वर येतात; श्वास सोडताना डावा खांदा आधी खाली येतो." या एका वाक्यात दहा विशेषणांपेक्षा जास्त शृंगार आहे, आणि हे आम्ही अगदी मनापासून सांगतो.

२. प्रॉम्प्टमध्ये कोणती गोष्ट आधी, कोणती नंतर?

आधी शॉट आणि कॅमेरा, मग व्यक्ती आणि तिचं वय, कपडे-दागिने, ती कुठे आणि कशी उभी किंवा बसलेली आहे, मग हालचाल घडते त्या क्रमाने, शेवटी प्रकाश आणि वेग. इंग्रजीत ८० ते १२० शब्द पुरेसे होतात. त्याहून कमी लिहिलं तर रिकाम्या जागा मॉडेल आपल्या मनाने भरतं. २०० च्या पुढे गेलं की शेवटच्या सूचना सुटायला लागतात.

नमुना असा:

"मध्यम शॉट, कंबरेपासून वर, कॅमेरा स्थिर, डोळ्यांच्या उंचीवर. पस्तिशीची मराठी स्त्री, गडद जांभळी काठापदराची साडी, खोप्यात मोगऱ्याचा गजरा, नाकात नथ. जुन्या लाकडी खांबाला उजवा खांदा टेकवून उभी. ती सावकाश श्वास घेते. मान डावीकडे वळते. नजर आधी खाली, मग कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला. डाव्या हाताची बोटं पदराच्या काठावरून खांद्यापासून कोपरापर्यंत सरकतात आणि थांबतात. शेवटचा एक सेकंद फक्त श्वास. डावीकडून समईचा उबदार प्रकाश, मागे अंधार. खऱ्या वेगात, मऊ आणि सलग हालचाल."

यात हालचाल खरं तर एकच आहे: पदरावरून सरकणारी बोटं. मान, नजर आणि श्वास तिला साथ देतात. शेवटचा थांबा मुद्दाम लिहावा लागतो. न लिहिल्यास मॉडेल शेवटच्या फ्रेमपर्यंत काही ना काही हलवत राहतं.

३. "स्लो मोशन" लिहिलं की नाच पाण्याखाली चालल्यासारखा दिसतो. असं का?

कारण संथ नाच आणि स्लो मोशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयातली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. संथ नाचात नर्तिका सावकाश हलते, पण पदर खाली पडतो तो गुरुत्वाकर्षणाच्या वेगानेच. कानातला लोलक त्याच्या नेहमीच्या वेगाने झुलतो, पापणी नेहमीसारखी पटकन मिटते. स्लो मोशनमध्ये सगळंच संथ होतं, त्यामुळे शरीराचं वजन नाहीसं होतं. ती व्यक्ती स्वतःला आवरून सावकाश हलते आहे, तिचा त्या क्षणावर ताबा आहे, ही जाणीवच उरत नाही. शृंगार त्या ताब्यातच असतो.

म्हणून "स्लो मोशन" काढून टाका. त्याऐवजी "खऱ्या वेगात चित्रित, नर्तिका स्वतः सावकाश हलते" असं लिहा, आणि एखादी वेगवान बारीक गोष्ट मुद्दाम घाला: पापण्यांची उघडझाप, झुलणारा लोलक, खांद्यावरून अचानक घसरलेल्या पदराचं टोक. त्या एका वेगवान गोष्टीमुळे बाकीचं संथपण जाणूनबुजून केलेलं वाटतं.

एक अपवाद आहे. ओपन मॉडेल (स्वतःच्या संगणकावर उतरवून चालवता येणारं) कमी स्टेप्समध्ये, म्हणजे चित्र घडवण्याच्या चार-आठ फेऱ्यांतच काम उरकणाऱ्या लायटनिंग लोरा या पूरक फाइलसह चालवलं, तर हालचाल आपोआप मंद होण्याकडे कल असतो. तिथे प्रॉम्प्टमध्ये "सावकाश" एकदाच लिहा किंवा अजिबात लिहू नका.

४. प्रॉम्प्ट मराठीत चालतो का?

मोठ्या ऑनलाइन सेवांमध्ये बऱ्यापैकी चालतो, कारण तुमचा मजकूर व्हिडिओ मॉडेलकडे जाण्याआधी बहुधा एक भाषा-मॉडेल तो नव्याने लिहून घेतं. पण त्या पुनर्लेखनात "लाजत पदर सावरते"चं नुसतं "साडी धरते" होऊन जातं. वानसारखं ओपन मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालवत असाल तर इंग्रजीच बरी.

आमचा सल्ला: विचार मराठीत करा, आधी मराठीत लिहा, आणि मग इंग्रजी करताना आपले शब्द फोडून सांगा. पदर म्हणजे खांद्यावरून मागे सोडलेला साडीचा मोकळा शेव. खोपा म्हणजे मानेवर बांधलेला गोल अंबाडा. ठुमका म्हणजे कंबरेचा एकच छोटा, तालावरचा झटका, त्यानंतर थांबा. भाषांतराच्या ॲपवर हे सोडलं तर "ठुमका"चा सर्रास हिप शेक होतो, आणि मग पाच सेकंद कंबरच हलत राहते.

५. एका क्लिपमध्ये किती हालचाली बसतात?

पाच सेकंदांत एक मुख्य हालचाल आणि तिचा थांबा. आठ ते दहा सेकंदांत दोन. तिसरी घातली की मॉडेल तिन्ही अर्धवट करतं किंवा एकीतून दुसरीत वितळतं: हात वर जाता जाता केस सावरायला वळतो आणि मधेच पदर धरतो. क्रम दाखवण्यासाठी "मग", "त्यानंतर", "शेवटी" हे शब्द वापरा. "आणि" लिहिलं की दोन्ही गोष्टी एकदम सुरू होतात.

६. क्लिप तालात कशी बसवायची? संपादन करताना पाऊल समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) येत नाही.

मॉडेलला ताल मोजता येत नाही. तो तुम्ही आधी मोजायचा, आणि त्यासाठी थोडं गणित लागतं. केरवा आठ मात्रांचा. ९६ मात्रा प्रति मिनिट या लयीत एक आवर्तन बरोबर पाच सेकंदांत पूर्ण होतं. दादरा सहा मात्रांचा. ७२ च्या लयीत तोही पाच सेकंदांत. तीनतालाच्या सोळा मात्रा ९६ च्या लयीत दहा सेकंद घेतात, १२० च्या लयीत आठ. तेव्हा आधी क्लिपची लांबी पाहा आणि तिला बसेल असा ताल-लय निवडा.

लय निवडताना फ्रेमही मोजा. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर ९६ च्या लयीत एका मात्रेला १५ फ्रेम येतात, ७२ च्या लयीत २०, ८० च्या लयीत १८ आणि ९० च्या लयीत १६. सगळे पूर्ण आकडे, त्यामुळे कापताना अर्धी फ्रेम उरत नाही. १०० ची लय घेतलीत तर १४.४ फ्रेम येतात आणि पाच-सहा मात्रांनंतर पाऊल डोळ्यांना दिसेल इतकं मागे-पुढे होतं.

सम नेमकी कुठे आली आहे हे क्लिप तयार झाल्यावर शोधायचं: टाच टेकते किंवा नजर वळून स्थिर होते ती फ्रेम हेरा आणि तबल्याची सम तिथे ठेवा. उलट करायला गेलात, म्हणजे ठरलेल्या समेवर मॉडेलकडून पाऊल टाकून घ्यायला गेलात, तर डझनावारी क्लिप वाया जातात.

७. पाय जमिनीवरून घसरतात, किंवा पदन्यास नुसता धूसर दिसतो. उपाय काय?

कारण समजलं की उपाय सोपा होतो. बहुतेक व्हिडिओ मॉडेल वेळ दाबून साठवतात. वान २.१ मध्ये चार फ्रेमचा एक कप्पा होतो. सेकंदाला १६ फ्रेम असतात, म्हणजे पाव सेकंदाचा एक कप्पा. तत्काराची, म्हणजे कथकातल्या पायकामाची, द्रुत पावलं या पाव सेकंदात दोनदा पडली तर ती एकमेकांत मिसळतात. त्यामुळे एआयकडून द्रुत पदन्यास मागूच नका. घुंगरांचा जोर आवाजातून दाखवा, पायांतून नव्हे.

घसरण्याचं कारण वेगळं: वजन कोणत्या पायावर आहे हे मॉडेलला सांगितलेलंच नसतं. "उजवा पाय जमिनीवर घट्ट, सगळं वजन त्यावर, डावी टाच उचलते, बोटं जमिनीला टेकलेलीच राहतात" असं लिहा. चकचकीत फरशीवर घसरणं जास्त दिसतं. सतरंजी किंवा जाजम अंथरलं की लपतं.

सगळ्यात खात्रीचा उपाय आपल्याच परंपरेत आहे: बैठकीची लावणी. नर्तिका बसलेली, साडीचा घेर पायांवर पसरलेला, आणि सगळी अदाकारी डोळे, भुवया, मान, हात आणि पदर यांतून. एआयच्या जवळजवळ सगळ्या दुखऱ्या जागा यात झाकल्या जातात आणि शृंगार फडाच्या लावणीपेक्षा कमी होत नाही, उलट वाढतो. पहिल्यांदाच करत असाल तर सुरुवात इथून करा.

८. बोटं सहा होतात, मुद्रा मोडते.

हाताचा आकार फ्रेममध्ये किती आहे ते आधी बघा. ८३२ बाय ४८० च्या आडव्या चौकटीत पूर्ण शरीर ४०० पिक्सेल उंच असेल तर हात जेमतेम ४० पिक्सेलचा राहतो. मॉडेल आतल्या आत प्रत्येक बाजू आठपट लहान करून काम करतं, म्हणजे सगळा हात पाच घरांत आला. पाच घरांत पाच बोटं आणि त्यांच्या मधल्या फटी मावत नाहीत. हेच शरीर उभ्या ४८० बाय ८३२ चौकटीत ७०० पिक्सेल उंच येतं, हात ७० पिक्सेलचा होतो, आणि फरक लगेच दिसतो. कंबरेपासून वरचा शॉट घेतलात तर आणखी बरं.

शब्दांच्या बाजूने: हस्तकाचं नाव न देता आकार सांगा. "अंगठा आणि तर्जनी टोकाशी जुळलेली, बाकीची तीन बोटं सैल पसरलेली." हाताला काहीतरी धरायला द्या, उदाहरणार्थ पदराचा काठ, विडा किंवा गजरा. रिकाम्या हाताच्या बोटांचं काय करायचं हे मॉडेलला सुचत नाही.

९. नऊवारी सांगितली तरी सहावारी किंवा घागराच येतो.

मॉडेलने नऊवारी फार थोडी पाहिली आहे आणि जी पाहिली तिला ते नुसती "साडी" म्हणून ओळखतं. त्यामुळे रचना सांगा: "साडी पायांभोवती धोतरासारखी वेगवेगळी गुंडाळलेली, कासोटा मागे कंबरेत खोचलेला, पोटऱ्यांवर काठ दिसतो, पदर डाव्या खांद्यावरून, कमरपट्टा." एवढं करूनही दहापैकी काही क्लिपमध्ये मागच्या बाजूने निऱ्याच येतील. मागून दिसणारी नऊवारी हवीच असेल तर फोटोवरून क्लिप बनवा (प्रश्न १३).

चणियाचोळीची अडचण उलटी आहे. ती मॉडेलला छान येते, पण आभल्यांचं भरतकाम फ्रेम-फ्रेमला चमचमत बदलतं आणि डोळ्यांना त्रास होतो. आभले फक्त काठाला ठेवा, बाकी कापड एकरंगी.

१०. "भरतनाट्यम" लिहिलं की थोडं कथक, थोडा सिनेमा असं मिश्रण का येतं?

शैलीचं नाव मॉडेलसाठी फक्त कपड्यांचं नाव असतं. भरतनाट्यम म्हटलं की कमरेला पंखा आणि कपाळावर दागिना येतो, शरीर मात्र सरळच राहतं. शैली शरीरात उतरवायची तर ठेवण लिहा: भरतनाट्यमसाठी अरमंडी, म्हणजे पाठ ताठ, गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले, टाचा जवळ. कथकासाठी पाय सरळ, छाती उचललेली, हात छातीच्या उंचीवरून निघून परत तिथेच येणारे. लावणीसाठी गुडघे सैल, एक हात कमरेवर, वजन एका बाजूला.

वडोदऱ्यात या चुका लपत नाहीत. १८८० मध्ये तंजावरच्या राजकन्येशी सयाजीराव महाराजांचं लग्न झालं तेव्हा तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी इथे आल्या. सहा वर्षांनी, १८८६ मध्ये, संगीतकार मौलाबक्षांच्या देखरेखीखाली गायनशाळा सुरू झाली, आणि आजही विद्यापीठाच्या विभागातून नृत्य शिकलेले प्रेक्षक समोर बसलेले असतात. कोपर खांद्याखाली गेलेलं ते पहिल्या सेकंदात हेरतात.

११. गिरकी घेतली की चेहरा बदलतो.

चेहरा कॅमेऱ्यापासून पूर्ण वळला की मॉडेल तो अंदाजाने पुन्हा काढतं, आणि दुसऱ्याच बाईचा चेहरा परत येतो. पूर्ण चक्राऐवजी पाव वळण मागा: "खांद्यावरून मागे पाहते, गाल आणि एक डोळा दिसत राहतो." शृंगारासाठी हेच जास्त परिणामकारक आहे. गरब्याची चक्कर अगदी हवीच असेल तर चेहरा लांब ठेवा, घेर जवळ घ्या: कंबरेखालचा शॉट, फक्त फिरणारी चणिया. मग चेहऱ्याचा जवळचा शॉट वेगळा करून तालावर कापा.

१२. कॅमेरा हलवावा की नको?

नर्तिका हलत असेल तर कॅमेरा थांबवा. नर्तिका थांबली असेल तर कॅमेरा हलवा. दोन्ही एकदम हलले की मॉडेल गोंधळतं आणि मागची भिंत वाकते. थांबलेल्या शॉटला अगदी सावकाश पुश-इन, म्हणजे कॅमेरा हळूहळू जवळ जाणं, शोभतो. भोवती फिरणारा ऑर्बिट शॉट टाळा, कारण त्यात प्रश्न ११ ची अडचण पुन्हा येते. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर किंवा किंचित खाली ठेवा. तो शरीराच्या एखाद्या भागावर रेंगाळला की क्लिप नाचाची राहत नाही, आणि बघणाऱ्याला ते लगेच जाणवतं.

आणखी एक: "कॅमेरा हलू नये" असं लिहू नका. नकार मॉडेलला नीट कळत नाही, त्याला "हलणं" तेवढं वाचता येतं. "कॅमेरा स्थिर, तिपाईवर" असं लिहा.

१३. मजकुरावरून क्लिप बनवू की फोटोवरून?

दोन-तीन क्लिप एकमेकींना जोडायच्या असतील, किंवा कपडे नेमके हवे असतील, तर फोटोवरून. आधी स्थिर चित्र मनासारखं करून घ्या. बोटं, नथ, काठ, सगळं तिथेच दुरुस्त करता येतं आणि खर्चही कमी. मग प्रॉम्प्टमध्ये चित्रात जे दिसतं आहे ते पुन्हा सांगू नका, फक्त वय (प्रश्न १७) आणि काय हलतं ते लिहा. साडीचा रंग पुन्हा लिहिला आणि चित्राशी थोडा जरी विसंगत झाला तर रंग क्लिपभर बदलत राहतो.

चित्र निवडताना हालचालीच्या सुरुवातीची मुद्रा घ्या, शिखराची नको. हात पूर्ण पसरलेलं चित्र दिलं तर तिथून पुढे जायला जागाच उरत नाही आणि मॉडेल हात खाली टाकून मोकळं होतं.

पहिली आणि शेवटची अशा दोन्ही फ्रेम देता येत असतील तर दोन चित्रांमध्ये एकाच अवयवाचा फरक ठेवा. फरक जास्त झाला की मधली क्लिप नाचत नाही, एका चित्रातून दुसऱ्यात विरघळते.

१४. निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये काय लिहायचं?

निगेटिव्ह प्रॉम्प्ट म्हणजे नको असलेल्या गोष्टींची यादी, ती वेगळ्या चौकटीत टाकतात. थोडंच लिहा: जास्तीची बोटं, धूसर हात, झटके, लुकलुकणारं कापड, बदलता चेहरा, अक्षरं, वॉटरमार्क. पानभर यादीने काही होत नाही. लक्षात ठेवायचा अपवाद असा की कमी स्टेप्सच्या लोरासह गायडन्स म्हणजे सीएफजी (मॉडेलने प्रॉम्प्ट किती घट्ट पाळायचा त्याचा आकडा) १ वर ठेवला असेल तर निगेटिव्ह प्रॉम्प्ट मुळी वाचलाच जात नाही. तिथे हवं ते होकारार्थी लिहावं लागतं. गायडन्स फार चढवलात तर उलटा त्रास: रंग भडक, कातडी मेणासारखी, हालचाल ताठ. वानसाठी ५ च्या आसपास ठेवून पाहा.

१५. प्रकाश आणि जागा कशी निवडावी?

एका बाजूने येणारा एकच उबदार प्रकाश आणि गडद मागची बाजू. यात मॉडेलला काढावा लागणारा तपशीलही कमी होतो, म्हणून शरीर जास्त नीट येतं. चारी बाजूंनी उजेड दिला की त्वचा सपाट दिसते.

खऱ्या जागेचं नाव देऊन ती जागा येईल अशी अपेक्षा ठेवू नका. "लक्ष्मीविलास पॅलेसचा दरबार हॉल" लिहिलं तर राजस्थानी छापाचा कुठलातरी महाल येतो. वर्णन करा: मोझेकची फरशी, रंगीत काचांच्या उंच खिडक्या, त्यांतून फरशीवर पडलेले लाल-निळे कवडसे. तेच सूरसागरच्या काठाचं: "संध्याकाळ, तलावाच्या दगडी काठावर, पाण्यात दिव्यांची लांबट प्रतिबिंबं." हलतं पाणी मात्र मागे धूसर ठेवा, नाहीतर ते नाचाशी स्पर्धा करतं.

१६. सभ्य प्रॉम्प्टही फिल्टर अडवतो. शब्द कसे बदलू?

फिल्टर चुकवायच्या युक्त्या आम्ही सांगत नाही, आणि चांगल्या नृत्याच्या क्लिपला त्या लागतही नाहीत. बहुतेक वेळा अडतं ते प्रश्न १ मधल्या विशेषणांवर किंवा शरीराच्या भागांच्या यादीवर. ती काढून हालचाल लिहिली की प्रॉम्प्टही सुधारतो आणि अडकतही नाही. "मादक कंबर हलवते"च्या जागी "वजन डाव्या पायावर घेते, कमरपट्ट्याची घुंगरं एकदा वाजतात". पलंग, ओले कपडे, आरसा हे एकत्र आले तरी अडतं. त्यातलं एक ठेवा. एवढं करूनही अडलं तर ते दृश्य त्या सेवेच्या नियमांत बसत नाही असं समजून दुसरं दृश्य घ्या.

१७. वय लिहायलाच हवं का?

हो, प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये, आकड्यात, आणि काठावरचं नको: "बत्तीस वर्षांची स्त्री", "चाळिशीचा पुरुष". "मुलगी", "पोरगी", "तरुणी" हे शब्द इंग्रजीत गेले की मॉडेल चेहरा कोवळा करतं. सांगूनही चेहरा लहान वाटला तर ती क्लिप पुसून टाका, वापरू नका, कुणाला पाठवू नका. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, खेळणी असं काहीही शृंगारिक प्रॉम्प्टमध्ये येता कामा नये. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६७ब खाली मुलांना अश्लील रीतीने दाखवणारी चित्रं तयार करणं हाही गुन्हा आहे. फक्त पसरवणं नव्हे.

वय वाढवण्याचा दुसरा फायदा कलेचा आहे. चाळिशीच्या चेहऱ्यावर डोळ्यांभोवतीच्या रेषा हलतात, आणि अदाकारी तिथेच दिसते.

१८. आमच्या मंडळातल्या बाईंचा फोटो किंवा एखाद्या नटीचा चेहरा वापरला तर?

नटीचा, गायिकेचा किंवा कोणाही प्रसिद्ध व्यक्तीचा चेहरा शृंगारिक क्लिपमध्ये घालायचा नाही. मंडळातल्या व्यक्तीचा वापरायचा असेल तर तिने स्वतः, लेखी, आणि नेमकी कोणती क्लिप कुठे जाणार हे पाहून संमती दिलेली हवी. "ताई, फोटो वापरू का?" असं व्हॉट्सॲपवर विचारून "हो" आलं, तर ते फोटोला आलं, क्लिपला नाही. तयार क्लिप त्यांना आधी दाखवा आणि नको म्हणाल्या तर काढून टाका.

नाचाची चौकट दुसऱ्याच्या व्हिडिओवरून घेणं, म्हणजे पोझ काढून ती काल्पनिक व्यक्तीवर बसवणं, यातही तो नाच ज्याने बसवला त्याला विचारा. चेहरा बदलला म्हणून रचना आपली होत नाही.

१९. जोडीचं नृत्य जमेल का?

स्पर्शाच्या जागी बोटं एकमेकांत वितळतात, म्हणून अंतर ठेवा. दोघं हातभर लांब, नजर एकमेकांवर, दोघांच्या मध्ये एकच वस्तू: तिच्या पदराचं टोक त्याच्या हातात. दोघांचे कपडे अगदी वेगळ्या रंगांचे ठेवा, नाहीतर हात कुणाचा हे मॉडेल विसरतं. वाक्यातही "ती" आणि "तो" एवढ्यावर भागवू नका. "जांभळ्या साडीतली स्त्री", "पांढऱ्या झब्ब्यातला पुरुष" असं प्रत्येक वेळी लिहा.

२०. पाच-पाच सेकंदांच्या क्लिप जोडून एक मिनिट करता येईल का?

शेवटची फ्रेम पुढच्या क्लिपची पहिली म्हणून देत गेलात तर तिसऱ्या-चौथ्या जोडानंतर कातडी मेणचट आणि रंग भडक होत जातात, कारण प्रत्येक वेळी आधीच्या चुकांवर पुढचं चित्र रचलं जातं. त्याऐवजी एकाच मूळ स्थिर चित्रावरून वेगवेगळे शॉट बनवा: चेहरा, हात, पदर, कंबरेवरचा शॉट. मग ते प्रश्न ६ मधल्या मात्रांवर कापून जोडा. एका मिनिटाला ९६ च्या लयीत केरव्याची बारा आवर्तनं होतात. बारा शॉट झाले. जोडाच्या जागी पापणी मिटत असेल किंवा पदर कॅमेऱ्यासमोरून जात असेल तर साधा कटही खुपत नाही.

२१. मॉडेलने दिलेला आवाज ठेवायचा का?

नको. गूगलच्या व्हीओ ३ सारखी मॉडेल आवाजही बनवतात, पण ढोलकीचा ठेका मधेच सुटतो आणि घुंगरू टाळ्यांसारखे वाजतात. आवाज बंद करून खरी ढोलकी घाला. बसलेल्या नर्तिकेच्या क्लिपखाली घुंगरांची एकच हलकी छुम, नजर वळते त्या फ्रेमच्या दोन-तीन फ्रेम आधी ठेवली, की पाय न दिसताही हलल्याचं वाटतं.

२२. क्लिप टाकताना एआयने बनवली हे सांगायचं का?

सांगायचं. यूट्यूबवर खऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम दृश्यासाठी अपलोड करताना तशी नोंद करावी लागते. ती करा आणि क्लिपवरही कोपऱ्यात "एआय-निर्मित" लिहा. मंडळाच्या पडद्यावर दाखवताना निवेदकाने आधी सांगावं, कारण समोर बसलेल्या नातेवाईकांना पडद्यावरची बाई कोण हा प्रश्न पडतोच. अक्षरं नंतर संपादनात टाका. मॉडेलला देवनागरी लिहायला सांगितलं तर जोडाक्षरं मोडतात.